पत्नीचे दागिने, विम्याचे कागद अन् तीन आण्यांचं तिकीट : त्र्यंबकच्या फाळक्यांनी असा उभा केला सिनेमा

नाशिक : पांडवलेणी चढायच्या आधी पायथ्याला फाळके स्मारक लागतं. शाळांच्या सहली तिथे जातात, पोरं फोटो काढतात. दादासाहेब फाळके म्हणजे भारतीय सिनेमाचे जनक, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण हा माणूस मुळात चित्रकार होता. आणि त्याचं निम्मं आयुष्य कलेसाठी पैसा अन् माणसं गोळा करण्यात गेलं, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. पोरगंही पोथ्या वाचणार असंच घरच्यांनी धरलं असणार. वडिलांना मुंबईत संस्कृत शिकवायची नोकरी लागली, बिऱ्हाड तिकडे गेलं आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला लागले. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोदा. तिथल्या कलाभवनात ऑइल पेंटिंग, वॉटर कलर, मूर्तिकाम, फोटोग्राफी असं हाताला लागेल ते शिकून घेतलं.

शिकणं एक आणि पोट भरणं दुसरं. गुजरातेत गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. परत बडोद्याला येऊन धंदा मांडला, तर फोटो काढला की माणसाच्या अंगातली शक्ती जाते, मरण लवकर येतं, अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक मंडळ्यांचे पडदे रंगव, जादूचे प्रयोग कर, असे दिवस काढले. फाळके हे नाव उलटंपालटं करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते जादू दाखवत.

१९०२ च्या सुमारास दुसरं लग्न झालं. पत्नी सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर-ड्राफ्ट्समन म्हणून सरकारी नोकरी लागली होती, तीही त्यांनी १९०६ मध्ये सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांच्या देवादिकांच्या चित्रांच्या छपाईचं काम तिथे होई. धंदा वाढला, छापखाना दादरला आला, फाळके मशिनरीसाठी जर्मनीला जाऊन आले. आणि मग भागीदारांशी बिनसलं. चाळिशी ओलांडलेला माणूस पुन्हा रिकाम्या हाताने घरी.

अशात गिरगावात तंबूतला सिनेमा बघायला गेले. येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट होता. पडद्यावर ख्रिस्त, पण फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण. आपले देव असे पडद्यावर का चालू-बोलू नयेत, या एका विचाराने त्यांना झपाटलं. रोज सिनेमे बघून बघून डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासं झालं. उपचार झाले, नजर आली, आणि लगेच विम्याच्या १२ हजारांच्या पॉलिसी गहाण टाकून १० हजार उचलले. फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं, काम शिकले, कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि एप्रिलमध्ये परत.

आता सिनेमाला पैसा कोण देणार? कुणी पाहिलेलंच नाही अशा गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर लावून रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात. बी फुटलं, अंकुर आला, वेल वर चढला. शेतकऱ्याला अंकुराचं काय कौतुक, पण सावकाराला होतं. हे बघून कर्ज मिळालं. उरलेल्या पैशांसाठी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले.

‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती व्हायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. सिनेमात काम करणं इतकं हलकं मानत की नट मंडळींनी बाहेर सांगायचं, आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत. वांगणीला बाहेरचं शूटिंग होतं. राजेशाही वेष, लाकडी तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोरच आले. त्यांनी पाटलाला कळवलं. झालं, सगळ्यांना अटक. फाळक्यांनी येऊन कॅमेरा दाखवला, समजावलं, तेव्हा सुटका झाली.

आणि घरी सरस्वतीबाई ६०-७० माणसांचा स्वयंपाक करायच्या. वर रात्री फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुणं, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं. त्यांचं स्मारक कुठे दिसत नाही.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला. पण बाहेरगावी काय? सुरतेला पहिल्या खेळाचा गल्ला ३ रुपये. तिथल्या लोकांना त्याच पैशात तास न् तास नाटक बघायची सवय, दीड तासाची मुकी चित्रं कोण बघणार? मग फाळक्यांनी जाहिरात केली की ५७ हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत. गर्दी उसळली आणि गल्ला ३०० च्या वर गेला. फोटोंचा आकडा बरोबर होता. दोन मैल मात्र जरा ताणलेलेच. फिल्म ३,७०० फूट, म्हणजे पुरती एक मैलसुद्धा नव्हती! पण ज्यांनी कॅमेऱ्याच्या भीतीने पाठ फिरवली होती, तेच लोक आता तिकिटाच्या रांगेत उभे होते.

याच यशावर फाळके नाशिकला परतले. गोदाकाठचे घाट, देवळं, पंचवटी, भोवतालचे डोंगर. पौराणिक सिनेमाला आणखी काय हवं? पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि पैसे देणारे मागे सरले. फाळके संस्थानिकांकडे गेले, वर्तमानपत्रातून लोकांना मदतीचं आवाहन केलं. औंध आणि इंदूर संस्थानांनी थोडाफार हातभार लावला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, त्यांना ही तगमग कळली असावी. अशा उसनवारीतून १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंकेंच्याच. सिनेमा एवढा चालला की जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं आजही सांगतात.

त्यानंतर भांडवलदार आपणहून आले. १ जानेवारी १९१८ ला हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. पण भागीदारांना हिशेब हवा आणि फाळक्यांना मनासारखं चित्र, हे जमायचं कसं? ते सगळं सोडून काशीला गेले, तिथे नाटक लिहिलं, काही वर्षांनी पुन्हा नाशिकला त्याच कंपनीत आले. कंपनी त्यांची होती आणि नव्हतीही.

पुढे बोलपट आले. ‘गंगावतरण’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला एकमेव बोलपट, १९३७ चा, कोल्हापूरचा. मग काम संपलं.

भारतीय सिनेमाला २५ वर्षं झाली तेव्हा मुंबईत मोठा सोहळा झाला. ज्याने सुरुवात केली तो म्हातारा प्रेक्षकांच्या गर्दीत बसलेला होता. व्ही. शांताराम यांनी ओळखलं आणि व्यासपीठावर नेलं. फाळक्यांना घर बांधून देऊ म्हणून शांतारामांनी सिनेमावाल्यांना वर्गणी मागितली. लाखोंच्या धंद्यातून जमलं ते अगदी किरकोळ. उरलेली भर शांतारामांच्या प्रभात कंपनीने घातली आणि नाशिकच्या गोळे कॉलनीत फाळक्यांना हक्काचं घर झालं. तिथे फार दिवस राहणं नशिबात नव्हतं. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते गेले.

त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने १९६९ पासून सुरू केला. नव्वदहून अधिक चित्रपट आणि कितीतरी लघुपट त्यांनी केले. त्यातले बहुतेक कायमचे गेले, थोडे तुकडे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आहेत. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक छोटी फिल्मही वाचली आहे. त्यात खुद्द दादासाहेब काम करताना दिसतात. मोबाइलवर शोधली तर सापडते.