विमानाचे इंजिन, बेंझचा गिअरबॉक्स अन् ४२ वर्षे वाळूत. ‘बॅब्स’ या रेस कारचा जन्म कसा झाला?

रस्त्यावर अशोक लेलँडची बस किंवा ट्रक रोज दिसतो. यातले ‘लेलँड’ हे नाव ब्रिटनच्या लेलँड मोटर्सचे. १९५५ मध्ये ते आपल्या अशोक मोटर्सशी जोडले गेले. त्याच्या कितीतरी आधी या ब्रिटिश कंपनीचे चीफ इंजिनीअर होते जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस. जगातल्या एका अजब रेस कारशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

कोण होते पॅरी-थॉमस?

वेल्समधील रेक्सहॅम येथे एका धर्मगुरूच्या घरी त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये त्यांनी इंजिनीअरिंगचे शिक्षण घेतले. लेलँडमध्ये असताना त्यांनी ‘लेलँड एट’ ही आठ सिलिंडरची आलिशान कार तयार केली. १९२० मध्ये ती लोकांसमोर आली. पण किंमत एवढी की मोजक्याच गाड्या बनल्या. पुढे पॅरी-थॉमस यांनी नोकरी सोडली आणि ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकच्या आवारातच राहायला गेले. दिवसा गाडी खोलायची, जोडायची आणि स्वतःच पळवायची, असा त्यांचा दिनक्रम झाला.

कार मुळात कुणाची?

‘बॅब्स’ एका कंपनीने बनवलेली नव्हतीच. श्रीमंत रेसर काउंट लुई झ्बोरोव्स्की यांनी ती इंग्लंडमधील हायम येथील आपल्या घरी बांधून घेतली. म्हणून तिचे पहिले नाव ‘हायम स्पेशल’. इंजिन होते पहिल्या महायुद्धातील विमानांचे, अमेरिकन ‘लिबर्टी’: १२ सिलिंडर, २७ लिटर. आपल्याकडच्या छोट्या कारचे इंजिन एक लिटरच्या आसपास असते, यावरून अंदाज यावा. गिअरबॉक्स जर्मन बेंझचा आणि मागच्या चाकांना ताकद चेनने.

ऑक्टोबर १९२४ मध्ये मोंझा येथील शर्यतीत झ्बोरोव्स्की यांचा मृत्यू झाला. त्यानंतर पॅरी-थॉमस यांनी ही कार अवघ्या १२५ पौंडांत घेतली. पिस्टन आणि कार्ब्युरेटर बदलले, बॉडी नवी केली आणि नाव ठेवले ‘बॅब्स’.

वेग किती गाठला?

वेगाचा जागतिक विक्रम मोजताना दोन्ही दिशांनी गाडी पळवून सरासरी काढतात. वेल्समधील पेंडाईनचा सुमारे ११ किलोमीटर लांब, सपाट समुद्रकिनारा त्यासाठी सोयीचा होता. २७ एप्रिल १९२६ रोजी पॅरी-थॉमस यांनी तिथे विक्रम मोडला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःचा विक्रमही मागे टाकत ताशी सुमारे २७५ किलोमीटर गाठले. या वेगाने सीएसएमटी ते बदलापूर हे सुमारे ६८ किलोमीटरचे अंतर १५ मिनिटांत पार होईल. लोकलला आजही तासाहून जास्त लागतो.

३ मार्च १९२७ रोजी काय घडले?

फेब्रुवारी १९२७ मध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी याच किनाऱ्यावर तो विक्रम मोडला. तो परत मिळवण्यासाठी पॅरी-थॉमस ३ मार्चला उतरले. भरधाव ‘बॅब्स’ उलटली आणि त्यांचा जागीच मृत्यू झाला. जमिनीवरील वेगविक्रमाच्या प्रयत्नात प्राण गमावणारे ते पहिले चालक मानले जातात. सहकाऱ्यांनी कार तिथेच वाळूत पुरली. चेन तुटून त्यांना लागली, असेच पुढे वर्षानुवर्षे सांगितले गेले.

कार बाहेर कशी आली?

कार पुरलेली जागा पुढे लष्कराच्या ताब्यात गेली. वेल्समधील इंजिनीअरिंगचे अध्यापक ओवेन विन ओवेन यांनी परवानगी मिळवून १९६९ मध्ये ती खणून काढली. खाऱ्या वाळूने पत्रा खाल्ला होता. दुरुस्तीत अनेक वर्षे गेली, पण ते मूळचे विमानाचे इंजिन पुन्हा धडधडले.

पुरलेली कार उकरावी का, यावर तेव्हा मतभेद होते. मात्र कार बाहेर आली म्हणूनच अपघाताचा पुरावा तपासता आला. चेनचा सिद्धांत कमकुवत ठरला आणि मागचे चाक निकामी झाल्याची शक्यता पुढे आली. वाळूतच राहिली असती, तर चेन तुटूनच पॅरी-थॉमस यांचा मृत्यू झाला, हाच निकाल कायम राहिला असता.