विल डायसन : श्रमिकांना ताठ उभे करणारा व्यंगचित्रकार

मागच्या सत्रात आपल्या शाळेत चित्रकला स्पर्धेसाठी श्रमिक हा विषय दिला होता. चित्रे चांगली आली, रंगकामही मन लावून केलेले होते. पण सगळी चित्रे सभागृहात एका ओळीत लावल्यावर आमच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक चित्रातला श्रमिक वाकलेला आहे. पाठीवर पोते, कपाळावर घाम, चेहऱ्यावर दीनवाणा भाव. यात मुलांचा दोष नाही, आपण मोठी माणसेच त्यांना असा श्रमिक दाखवीत आलो आहोत. इंदूर तर कापड मिलांचे शहर. आपल्या कित्येक विद्यार्थ्यांचे आजोबा-पणजोबा मिलमध्ये कामाला होते. भोंगा झाल्यावर जेवणाचा डबा घेऊन पाळीला निघालेली ती माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ठाऊक आहे की ती काही वाकून चालत नसत.

त्या दिवशी आम्हाला विल डायसन यांची आठवण झाली. व्यंगचित्रकार म्हटले की आपल्या घरांतून आर. के. लक्ष्मण यांचे नाव निघते, आणि लक्ष्मण ज्यांना फार मानत त्या डेव्हिड लो यांचे नावही जाणकार पालकांनी ऐकलेले असते. लो यांच्या आधी लंडन गाजविणारे डायसन मात्र आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाहीत. म्हणून या अंकात त्यांचा परिचय करून देत आहोत.

विल्यम हेन्री डायसन यांचा जन्म ३ सप्टेंबर १८८० रोजी ऑस्ट्रेलियात, बॅलरॅट या सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाजवळ झाला. अकरा भावंडांत त्यांचा नंबर नववा. वडील त्या काळी फिरून माल विकण्याचा धंदा करीत, पुढे ते खाणीच्या कामात शिरले. घरात पैसा बेताचा, पण वाचन आणि थट्टामस्करी भरपूर असावी, कारण या एका घरातून तीन नावाजलेले भाऊ निघाले. सर्वांत मोठे एडवर्ड हे लेखक. त्यांनी स्वतः लहानपणापासून कष्टाची कामे केली होती आणि मेलबर्नच्या कारखान्यातील मुलामुलींच्या गोष्टी लिहून नाव मिळवले. त्या पुस्तकाची चित्रे विल यांनी काढली. दुसरे भाऊ अ‍ॅम्ब्रोज व्यंगचित्रकार. विल यांचे शिक्षण साध्या सरकारी शाळेत झाले. चित्रकलेचे धडे म्हणाल तर ते घरातच, काढता काढता आणि पाहता पाहता. विशीच्या आतच सिडनीच्या बुलेटिन या साप्ताहिकात त्यांची चित्रे छापून येऊ लागली होती. अ‍ॅम्ब्रोज यांनी अ‍ॅडलेडच्या एका साप्ताहिकातील जागा सोडली तेव्हा ती विल यांनी सांभाळली.

१९०९ साली त्यांचा विवाह रुबी लिंडसे यांच्याशी झाला. रुबी स्वतः उत्तम रेखाचित्रकार होत्या. भावांच्या नावावर आपले नाव मोठे होऊ नये म्हणून त्या आडनाव अर्धे करून, रुबी लिंड अशी सही करीत. लिंडसे हेही डायसन यांच्यासारखेच चित्रकारांचे घर. पुढच्याच वर्षी हे दांपत्य नशीब आजमावायला लंडनला गेले.

लंडनमध्ये सुरुवातीचे दिवस ओढाताणीचेच होते. मग १९१२ साली डेली हेरल्ड या वर्तमानपत्राशी डायसन यांची गाठ पडली. या पत्राची जन्मकथा मोठी गमतीची आहे. लंडनमधल्या छापखान्यांतील कामगारांनी आठवड्याला ४८ तासांचे काम मागून संप केला आणि जानेवारी १९११ मध्ये संपाच्या बातम्या देणारे एक पत्रक काढले. छापणारे हातच संपावर, म्हणून त्यांनी स्वतःचेच छापले! संप मिटला तसे पत्रकही बंद पडले. पण नावाचा गवगवा झाला होता, म्हणून १५ एप्रिल १९१२ रोजी, म्हणजे टायटॅनिक जहाज बुडाले त्याच दिवशी, ते कामगारांचे दैनिक म्हणून नव्याने सुरू झाले. पैशाची तंगी त्याच्या पाचवीला पुजलेली होती. अशा पत्राने डायसन यांना आठवड्याला ५ पौंड पगार आणि जवळजवळ पूर्ण पान दिले. शिवाय काय काढायचे आणि कोणाला सोडायचे, यावर कोणाची कात्री नव्हती. आमच्या मते ती मोकळीक पगारापेक्षा मोठी होती.

त्या मोकळिकीत त्यांनी काय केले? तोवरच्या इंग्रजी व्यंगचित्रांत मजूर दोनच प्रकारचा असे. एक हसण्यासारखा, गबाळा, बावळट. दुसरा दया येण्यासारखा, खंगलेला. डायसन यांनी हे दोन्ही पुसून टाकले. त्यांचा कामगार तरुण, रुंद खांद्यांचा, मान वर करून सरळ डोळ्यांत पाहणारा. तो भीक मागत नाही, हिशोब मागतो. त्याच्यासमोर उभा केलेला भांडवलदार तितकाच ठसठशीत : ढेरपोट्या, उंच हॅट घातलेला, चेहऱ्यावर तृप्तीची सूज. या पात्राचे नावच जाड्या असे पडले. काळ्या शाईच्या जोरकस रेषा आणि खाली नेमका टोमणा, एवढ्यावर सकाळच्या पाच मिनिटांत गोदीतला हमाल आणि शिकलेला बाबू दोघांनाही मुद्दा कळत असे.

१९१२ साली लंडनच्या गोदी-वाहतूक कामगारांचा संप झाला, तो फसला. १९१३ मध्ये डब्लिन शहरातील मालकांनी संघटनेत जाणाऱ्या सुमारे २० हजार कामगारांसाठी दरवाजे बंद केले आणि महिनोन् महिने चुली थंड राहिल्या. हेरल्ड या लढ्यांच्या बाजूने उभे होते आणि त्याची सर्वांत धारदार वस्तू म्हणजे डायसन यांचे पान. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून तुरुंगात गेलेल्या महिलांचीही बाजू त्यांनी घेतली. गंमत म्हणजे त्यांनी आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्यांनाही सोडले नाही. कामगारांच्या मतांवर पार्लमेंटमध्ये गेलेले आणि तिथल्या गाद्यांवर सुस्तावलेले मजूर सभासद हे त्यांचे आवडते गिऱ्हाईक होते. बाहेरच्यावर टीका करणे सोपे असते, आपल्या माणसाला चार लोकांत तोंडावर सांगणे अवघड. आपल्या समाजाच्या संस्थांमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि हेरल्ड साप्ताहिक झाले. या काळात डायसन यांनी जर्मन लष्करशाहीवर फार जहाल चित्रे काढली. १९१५ साली त्यांचे पुस्तकही निघाले आणि खूप गाजले. खरे सांगायचे तर ती चित्रे आम्हाला तितकीशी भावत नाहीत. ज्या हाताने जाड्या मालक काढला त्याच हाताने एक अख्खे राष्ट्र राक्षस करून टाकावे, हे थोडे खटकते. पण डायसन तिथे थांबले नाहीत. आपल्या देशाचे सैनिक फ्रान्सच्या खंदकांत आहेत, तर आपण तिथे जाऊन पाहिले पाहिजे असे त्यांना वाटले. १९१६ च्या शेवटी ते आघाडीवर गेले आणि १९१७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे पहिले अधिकृत युद्धचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी ते दोन वेळा जखमी झाले. तिथे त्यांनी विजयाची चित्रे काढलीच नाहीत म्हटले तरी चालेल. चिखलात बसल्या जागी झोपलेले, गप्प, थकलेले, पाळी संपण्याची वाट पाहणारे शिपाई त्यांनी काढले. मिलमधल्या रात्रपाळीहून परतणाऱ्या माणसाचा चेहरा ज्याने पाहिला असेल त्याला ते चेहरे ओळखीचे वाटतील. यांतली पुष्कळ चित्रे कॅनबेरा येथील युद्ध स्मारकात जपून ठेवली आहेत.

युद्ध संपले, डायसन जिवंत परतले, आणि १२ मार्च १९१९ रोजी घरात रुबी गेल्या. तेव्हा सर्व जगात इन्फ्लुएंझाची साथ होती. आपल्या देशातही त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. मुलगी बेटी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. डायसन यांनी पत्नीच्या आठवणीत कवितांचे छोटे पुस्तक काढले आणि पुढच्या वर्षी तिची रेखाचित्रे गोळा करून छापली.

या दुःखाला दोन महिने झाले असतील-नसतील, तोच त्यांनी ते चित्र काढले ज्यासाठी आज जग त्यांना ओळखते. मे १९१९. हेरल्ड पुन्हा दैनिक झाले होते. पॅरिसजवळ व्हर्साय येथे विजयी राष्ट्रे जर्मनीपुढे तहाच्या अटी ठेवीत होती. अटी कडक होत्या : प्रदेश काढून घेतलेले, सैन्य जवळपास मोडलेले, आणि भरपाईचा प्रचंड बोजा. डायसन यांच्या चित्रात चार मोठे पुढारी बैठकीतून बाहेर पडत आहेत : फ्रान्सचे क्लेमॉन्सो, अमेरिकेचे विल्सन, इंग्लंडचे लॉइड जॉर्ज आणि इटलीचे ऑरलँडो. क्लेमॉन्सो यांना लोक वाघ म्हणत. ते थबकून सोबत्यांना सांगत आहेत की कुठेतरी एक मूल रडत असल्यासारखे वाटते. आणि खांबाच्या आडोशाला खरोखर एक उघडे मूल तोंड लपवून रडत आहे. त्याच्या डोक्यावर एवढेच लिहिले आहे की हा १९४० चा क्लास.

इथे थोडे थांबावे लागेल. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत शाळेची ती कक्षा आणि समाजातला तो वर्ग, असे दोन निराळे शब्द आम्ही शिकलो. मराठीत मात्र दोन्हींना वर्गच म्हणतात : शाळेतला वर्ग आणि श्रमिक वर्ग. डायसन यांच्या चित्रातला क्लास तिसराच आहे. फ्रान्ससारख्या देशांत सक्तीची सैन्यभरती असे, आणि ज्या वर्षी मुले वीस वर्षांची होत त्या वर्षाच्या नावाने त्या तुकडीला क्लास म्हणत. १९४० चा क्लास म्हणजे १९१९-२० च्या सुमारास जन्मणारी बाळे. काही तर अजून जन्मलीही नव्हती. चित्राच्या नावातच त्यांनी या बाळांना तोफांचा भावी चारा म्हटले होते.

डायसन ज्योतिषी नव्हते. त्यांनी साधा हिशोब केला. हरलेल्या देशाला इतके नमवले तर तो वीस वर्षांत पुन्हा उठेल, आणि तेव्हा लढायला कोण जाईल? आज जी पाळण्यात आहेत ती. आणि त्यातही पहिल्यांदा श्रमिकांची. आयुष्यभर कामगारांच्या घरांकडे पाहिलेल्या माणसालाच हा हिशोब इतक्या लवकर जमला, असे आम्हाला वाटते. घरात आईविना झालेली एक लहान मुलगी होती, याचाही त्या चित्राशी काही संबंध असेल का, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

पुढची वर्षे मात्र चढउतारांची गेली. १९२५ मध्ये मोठ्या पगारावर ते मेलबर्नच्या वृत्तपत्रांत परत गेले. पैसा होता, मोकळीक नव्हती. जिथे कोणाला दुखवायचे नाही तिथे डायसन यांच्यासारख्या माणसाने करायचे तरी काय? तिथे त्यांनी धातूच्या पत्र्यावर सुईने कोरून छापण्याची चित्रे शिकून घेतली. लेखक, विद्वान, कलावंत यांची खिल्ली उडविणारी ही चित्रे पुढे न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये वाखाणली गेली. १९३० च्या सुमारास ते पुन्हा लंडनला येऊन डेली हेरल्डमध्ये रुजू झाले. ते संपातून जन्मलेले गरीब पत्र आता पार बदलले होते. १९३३ साली त्याचा खप २० लाखांवर गेला. डायसन शेवटपर्यंत तिथे चित्रे काढीत राहिले. २१ जानेवारी १९३८ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे ५७.

दीड वर्षाने, सप्टेंबर १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू झाले. १० मे १९४० रोजी जर्मन फौजा फ्रान्सकडे निघाल्या आणि त्या वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्स पडला. १९१९-२० मध्ये जन्मलेली मुले तेव्हा बरोबर वीस-एकवीस वर्षांची होती.

या चित्राची एक मोठी प्रत आम्ही चित्रकला कक्षाबाहेरील फलकावर लावली आहे. शेजारी डायसन यांचा तो ताठ उभा कामगारही आहे. पालकसभेला येणाऱ्या पालकांनी जाता-येता पाहावा. आणि ज्यांच्या घरी आजोबांचा मिलमधला एखादा फोटो, ओळखपत्र किंवा डबा जपलेला असेल, त्यांनी तो पाहून मुलांना आजोबांचे चित्र काढायला सांगावे. पुढच्या सत्रातील स्पर्धेचा विषय आम्ही तोच ठेवला आहे.