योग्य वेळ, योग्य मात्रा : शंतनुराव किर्लोस्कर



सुरतेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे मूळ गाव खान्देशात आहे. गावी विहिरीवर चालणारे डिझेल इंजिन तुमच्या आजोबांनी नक्कीच पाहिले असेल. वीज नसली तरी त्या इंजिनावर पिकाला पाणी मिळत असे. अशी इंजिने आपल्या देशात घडविणाऱ्यांत शंतनुराव किर्लोस्कर यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म २८ मे १९०३ रोजी सोलापूर येथे झाला. वडील लक्ष्मणराव यांनी १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली व लोखंडी नांगरांचा कारखाना चालविला. यंत्रांच्या आवाजातच शंतनुराव वाढले. १९२२ साली ते अमेरिकेस गेले आणि एम.आय.टी. या प्रसिद्ध संस्थेतून १९२६ साली यांत्रिकी अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. पदवी घेऊन ते वडिलांच्याच कारखान्यात परतले.

नांगरापाठोपाठ पंपही तयार झाले. परंतु वीज नसलेल्या खेड्यात पंप चालणार कशावर? त्यासाठी इंजिन हवे होते. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली.

हे काम सोपे नव्हते. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती अतिशय तापते. त्याच क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत जातो व पेट घेतो. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ७५० वेळा फवारा मारावा लागतो, आणि प्रत्येक फवारा सेकंदाच्या काही हजाराव्या भागात संपतो. फवारा फार लवकर गेला तर इंजिन ठोके देते, उशिरा गेला तर ताकद घटते. डिझेल जास्त झाले तर काळा धूर निघतो. म्हणून इंधन पंपाचे भाग मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके अचूक लागतात. डिझेलमधील थोडासा कचराही ते झिजवतो.

संकटेही आली. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची मोठी हानी झाली. तरीही काम पुन्हा उभे राहिले. १९६२ साली मोठ्या इंजिनांसाठी अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर पुण्यात किर्लोस्कर कमिन्स स्थापन झाली. आज ती कमिन्स इंडिया म्हणून ओळखली जाते. १९६५ साली शंतनुरावांना पद्मभूषण मिळाले. २४ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. २००३ साली त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज मोटारीत हेच काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते. सेन्सर हवा, तापमान व क्रँकची स्थिती मोजतात. छोटा संगणक हिशेब करून इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतही कार्बोरेटरच्या जागी ही पद्धत आली. पूर्वी मेकॅनिक कानाने ऐकून पाना फिरवीत असे, आता तो स्कॅनर जोडून आकडे वाचतो. साधन बदलले, प्रश्न तोच राहिला : किती आणि केव्हा?

पालकांना एक नम्र विनंती. मुलगा किंवा मुलगी गॅरेजच्या कामात रमत असेल, तर त्यांना रागावू नका, मात्र भौतिकशास्त्र आणि गणित सोडू देऊ नका. परदेशातून शिकून आलेल्या शंतनुरावांना कारखान्याच्या कामात कमीपणा वाटला नाही. हाताला तेल आणि डोक्यात हिशेब, दोन्ही असले म्हणजे इंजिन नीट चालते. माणसाचेही तसेच आहे.

आपला,
मुख्याध्यापक