परमुलखीचा सेवाव्रती : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

स्वतःच्या घरी अडचणी असताना परक्या देशाच्या सेवेस जावे की न जावे? हा प्रश्न एका महाराष्ट्रीय तरुणापुढे प्रत्यक्ष उभा राहिला होता. त्याने तो कसा सोडविला, हे आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले व पुढील पदवीच्या अभ्यासास लागले. घराच्या साऱ्या आशा या मुलावर केंद्रित झाल्या होत्या.

इकडे 1937 साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनापती चू-ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. त्या वेळी आपला देश स्वतःच परतंत्र व दरिद्री होता. घरचे झाले थोडे, त्यात व्याह्याने धाडले घोडे, असे कोणी म्हटले असते तर त्यास दोष देता आला नसता. तरीही कोटणिसांनी आपले नाव दिले. घरच्या मंडळींना चीनची फारशी माहिती नव्हती. पण वडिलांनी मुलाला प्रोत्साहनच दिले.

1 सप्टेंबर 1938 रोजी पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून बोटीने निघाले. प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. अटल. कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, सोलापूरचे डॉ. कोटणीस, आणि आपल्या सावरगावकरांना जवळचे वाटेल असे नाव म्हणजे नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर.

चीनमध्ये पोचून फार काळ लोटला नव्हता, तोच कोटणिसांना वडील निवर्तल्याची वार्ता समजली. खरी कसोटी येथेच होती. मुंबईहून निघताना युद्ध केवळ ऐकून ठाऊक होते. आता जखमींचे हाल डोळ्यांपुढे होते आणि दुसरीकडे घरची पोरकी मंडळी. सहकाऱ्यांनी परत जाण्याचे सुचविले. अंगीकारलेले काम अर्धे टाकून जाणे त्यांना रुचले नाही; ते राहिले.

1939 च्या फेब्रुवारीत पथकातील काही जण येनान येथे पोचले. पुढे कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धभूमीवर गेले. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, विद्यार्थ्यांना वैद्यक शिकविले. कॅनडाचे डॉ. बेथ्यून हे त्याच भागात सेवा करीत असता 1939 साली रक्तदोषाने वारले होते. त्यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद 1941 साली कोटणिसांकडे आले. तेथेच परिचारिकांना शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1942 च्या ऑगस्टमध्ये पुत्र झाला. त्याचे नाव ठेवले यिनह्वा. ‘यिन’ म्हणजे भारत व ‘ह्वा’ म्हणजे चीन.

परंतु श्रमांनी देह खचला होता. अपस्माराचे झटके येऊ लागले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. बाळ तेव्हा अवघ्या काही महिन्यांचे होते. सोलापूरच्या आईला आपला मुलगा पुन्हा दिसला नाही. 1946 साली व्ही. शांतारामांनी त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला. चीनमध्ये शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांचा पुतळा उभा आहे.

पाचांपैकी चौघे मायदेशी परतले. त्यांची सेवा कमी दर्जाची होती असे आम्ही मुळीच मानीत नाही. परतणे हा दोष नव्हे. आणि कोटणिसांच्या थोरवीची किंमत त्यांच्या घरानेही मोजली, हे आम्ही विसरू इच्छीत नाही. मात्र जाण्याचा निश्चय उत्साहाच्या भरातही होऊ शकतो. राहण्याचा निश्चय सर्व काही कळल्यावर करावा लागतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या सावरगाव सोडून दूरच्या लोकांच्या सेवेस निघेल, तर त्याने प्रथम मातापित्यांशी मोकळेपणी बोलावे, आपले बळ ओळखावे, आणि मग दिलेला शब्द पाळावा. कोटणिसांच्या चरित्रातून आम्हास हाच बोध मिळतो.