साष्टीचे परदेशी पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून आदराने घेतले जाते. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात त्यांचा उल्लेख येतो, त्यांनी केलेल्या मराठीच्या गौरवाची आठवण काढली जाते आणि बहुधा तेवढ्यावरच विषय संपतो. परंतु त्यांच्या चरित्राकडे आणखी एका दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. जन्मभूमी कायमची सोडून परमुलखात आलेला, तेथील भाषा शिकून तिथेच देह ठेवणारा हा एक स्थलांतरित होता. सुरत शहरात, आणि विशेषतः आपल्या बमरोली-पांडेसरा परिसरात, खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेली माणसे यंत्रमागावर राबून संसार उभे करतात. अशा ठिकाणच्या मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी-स्मरणिकेत या स्थलांतरिताच्या जीवनाचे स्मरण करणे औचित्याचे ठरेल, असे वाटते.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातील बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. विंचेस्टर येथील नामांकित विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्या काळी राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक पंथीयांचे जीवन अवघड झाले होते. थॉमस पाउंड या कॅथलिक मित्राबरोबर ते त्याच्या नोकराच्या वेषात काही काळ हिंडत होते. दोघांचाही रोमला जाण्याचा मानस होता. पण पाउंड पकडला गेला आणि स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. तेथे १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी येशूसंघात, म्हणजे जेझुइट संघात, प्रवेश केला. आपल्या श्रद्धेप्रमाणे जगण्याची मोकळीक स्वदेशात उरली नाही, म्हणून देश सोडणाऱ्यांपैकी ते एक होते. स्थलांतराच्या अनेक कारणांपैकी हे एक फार जुने कारण होय.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बन बंदरातून त्यांचे जहाज निघाले आणि सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास लागले. पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. प्रवासातील वारे, वाटा, पक्षी, मासे, सहप्रवाशांचे आजार यांचे त्यात बारकाईने वर्णन आहे. हे पत्र पुढे हॅक्लूट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात समाविष्ट झाले. भारतात स्थायिक झालेले, इतिहासाला ज्ञात असे पहिले इंग्रज म्हणून फादर स्टीफन्स यांचा निर्देश केला जातो. १५८० मध्ये त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि दक्षिण गोव्यातील साष्टी हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. मडगाव आणि रायतूर या भागांत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. मायदेशी ते पुन्हा गेले नाहीत.

या चाळीस वर्षांचे मोल जोखताना त्या काळाची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. फादर स्टीफन्स ज्या सत्तेच्या छायेत साष्टीत आले, त्याच सत्तेच्या जाचामुळे साष्टीतील कित्येक कुटुंबे घरदार सोडून परागंदा झाली होती. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, हे सर्वश्रुतच आहे. देवांच्या मागोमाग भक्तही गेले; कित्येक सारस्वत कुटुंबे दक्षिणेस कारवार-मंगळूरपर्यंत पांगली. एक माणूस श्रद्धेसाठी आपला देश सोडून ज्या भूमीत आला, त्याच भूमीतून इतर माणसे आपल्या श्रद्धेसाठी बाहेर पडत होती. १५८३ च्या जुलैमध्ये कुंकळ्ळी येथे हा संघर्ष पेटला. संतप्त ग्रामस्थांनी रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना व त्यांच्या काही सोबत्यांना ठार केले. आपल्या सहकाऱ्यांचे मृतदेह परत मिळविण्याचे दुःखद काम फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी गावातील गावकरांना बोलणीसाठी असोळणे येथे बोलावून दगाफटक्याने मारले. या सर्व घटनांचे साक्षी असलेला हा धर्मगुरू त्यानंतरही साष्टीतच राहिला आणि तेथील लोकांच्या भाषेकडे अधिकाधिक वळला.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या जीवनातील एक महत्त्वाचा प्रसंग घडला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी या चार इंग्रजांना होर्मुझ येथे पकडून गोव्यास आणण्यात आले. ते हेर असल्याचा संशय होता. पोर्तुगालचे राज्य तेव्हा स्पेनच्या राजाकडे गेले होते आणि इंग्लंडशी त्याचे वैर वाढत होते. दुसरीकडे, इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंना देहान्त शिक्षा होत होत्या. एडमंड कॅम्पियन या जेझुइट धर्मगुरूला १५८१ मध्ये फाशी देण्यात आले होते. अशा स्थितीत त्या कैद्यांपासून चार हात दूर राहणे फादर स्टीफन्स यांना सोयीचे होते. तसे न करता त्यांनी या परक्या, निराधार कैद्यांसाठी खटपट केली. आर्चबिशपांच्या पदरी असलेल्या लिन्स्होटेन या डच तरुणाचेही साहाय्य झाले आणि नाताळच्या आधी ते जामिनावर सुटले. स्टोरी गोव्यातच राहिला. इतर तिघे १५८४ च्या एप्रिलमध्ये तेथून निसटले. फिच पेगू-मलाक्क्यापर्यंत हिंडून १५९१ मध्ये लंडनला परतला. त्याच्या माहितीचा उपयोग ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांना झाला, आणि १६०८ मध्ये त्या कंपनीचे ‘हेक्टर’ हे जहाज आपल्या सुरतेच्या किनाऱ्याला लागले. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. अर्थात गोव्याच्या तुरुंगातील कैद्यांना सोडविताना फादर स्टीफन्स यांच्यासमोर राजकारण नव्हते. अडकून पडलेली माणसे होती.

फादर स्टीफन्स यांचे खरे जीवितकार्य मात्र भाषेचे. लोकांत मिसळण्यासाठी त्यांनी कोकणी आत्मसात केली आणि ग्रंथरचनेसाठी मराठी. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती असल्याचे निरीक्षण नोंदविले आहे. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हाच विचार मांडला, त्याच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट! नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांची जागा घेईल असे काही हाती नव्हते. ती उणीव जाणून त्यांनी बायबलातील कथा ओवीबद्ध केली. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या हाताखाली घडलेली ओवी या इंग्रज माणसाने इतक्या सहजतेने चालविली की, वैकुंठासारखे शब्द ख्रिस्ती आशय घेऊन तीत अवघडल्यासारखे वाटत नाहीत. दोन भागांचे, सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. येथील लिपीत छपाई व्हावी म्हणून त्यांनी १६०८ मध्ये रोमला वरिष्ठांकडे पत्राने विनंतीही केली होती. ती फलद्रूप झाली नाही. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कोकणीतील ‘दौत्रिना क्रिस्तां’ १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

त्यांच्या ग्रंथाचे पुढे काय झाले, ही कथाही स्थलांतराचीच आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध हुकूम काढला आणि गोव्यात या परंपरेला ओहोटी लागली. पहिल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. परंतु दुष्काळ, युद्धे आणि इन्क्विझिशनचा धाक यांमुळे जी ख्रिस्ती कुटुंबे गोवा सोडून कानडा प्रांतात गेली, त्यांनी या पुराणाची हस्तलिखिते सोबत नेली, नकलून काढली, घरोघर वाचली. त्यांच्याकडील हस्तलिखितांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापला. लंडनमधील मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी प्रतही सापडली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली, तर १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची संपादित आवृत्ती निघाली. मराठीचे हे धन मराठी मुलखात हरवले आणि मुलूख सोडून गेलेल्यांनी जपले, हे आपण विसरता कामा नये.

विसाव्या शतकात कॅथलिक चर्चने स्थलांतरितांविषयी स्पष्ट शिकवण मांडली. १९१४ पासून स्थलांतरितांसाठी वर्षातील एक दिवस पाळला जाऊ लागला. बारावे पायस यांनी १९५२ मध्ये परागंदा कुटुंबांविषयी स्वतंत्र आज्ञापत्र काढून त्यांची धर्मसेवा त्यांच्याच भाषेत व्हावी, असे ठरविले. तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये योग्य कारणासाठी देशांतर करण्याचा हक्क मानवी हक्कांत गणला. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात संपन्न राष्ट्रांनी शक्य तेवढ्या आगंतुकांना आश्रय द्यावा, असे म्हटले आहे. तसेच राज्यकर्ते सार्वजनिक हितासाठी काही अटी घालू शकतात, हेही मान्य केले आहे. आलेल्याने यजमान देशाच्या वारशाचा आदर करावा, कायदे पाळावेत, भार उचलावा, हे कर्तव्यही तेथे सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तर स्वागत, संरक्षण, उन्नती आणि समावेश अशी चतुःसूत्रीच दिली. सोळाव्या शतकातील गोव्याचा अनुभव या शिकवणीच्या कसोटीला उतरत नाही. माणसाला आपल्या घरी, आपल्या श्रद्धेने निर्भयपणे राहता यावे, हा हक्क देशांतराच्या हक्काच्याही आधीचा. आणि तोच तेथे हिरावला गेला होता.

फादर स्टीफन्स यांनी मात्र आगंतुकाचे कर्तव्य त्या शिकवणीच्या कितीतरी आधी पार पाडले. ज्या भूमीने आसरा दिला, तिच्या भाषेचे ऋण त्यांनी ग्रंथरूपाने फेडले. त्यांचे धर्मविचार सर्वांना मान्य असतीलच असे नाही. त्यांच्या सत्ताधाऱ्यांची कृत्ये तर मान्य होण्यासारखी नव्हतीच. तरीही त्यांच्या ग्रंथाला मराठी रसिकांनी आपले म्हटले, यात मराठीचेही मोठेपण आहे.

गुजरातच्या भूमीत मराठी ग्रंथालय चालविणाऱ्या आपल्या सभासदांना या चरित्राचे दोन्ही अर्थ सहज उमगतील. मंगळूरच्या त्या कुटुंबांप्रमाणे आपणही आपली पुस्तके परमुलखात सांभाळली आहेत. आता इथल्या गुजरातीचे ऋण आपण कितपत फेडले, याचाही हिशेब शताब्दीच्या निमित्ताने मांडावयास हवा. आणि काल-परवा मागावर रुजू झालेल्या ओडिया वा भोजपुरी कामगाराच्या मुलाने उद्या ग्रंथालयाचे दार ठोठावले, तर त्याच्यासाठीही आपल्या कपाटात एखादे पुस्तक असले पाहिजे.