एव्हरेस्टचा साहेब हिंगणघाटात गेला, ओळंब्यावरून त्यानं जमिनीखालचा खडक ताडला होता

सोलापूरजवळच्या कुंभारीत काय किंवा तुमच्या गावात काय, शेताची मोजणी निघाली की वीतभर जमिनीवरून भावकीत वाजतं. मग अख्ख्या देशाची मोजणी कशी झाली असेल?

ती सुरू केली विल्यम लॅम्ब्टननं. यॉर्कशायरमधल्या साध्या घरातला हा माणूस फौजेत शिरला आणि 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत टिपू सुलतानाविरुद्ध लढला. पण त्याचा खरा जीव गणितात.

10 एप्रिल 1802 ला मद्रासजवळ काम सुरू झालं. 100 फुटांची पोलादी साखळी टाकत सुमारे 12 किलोमीटरची एक रेघ मोजायला 57 दिवस लागले.

अडचण होती उन्हाची. पोलाद तापलं की साखळी लांबते आणि माप चुकतं. म्हणून लॅम्ब्टननं साखळीशेजारी थर्मामीटर ठेवले. दुसरी साखळी न वापरता फक्त ताडून बघायला राखली. किती तापमानाला पोलाद किती वाढतं, याचा हिशोब लावून तो प्रत्येक माप दुरुस्त करायचा.

1808 मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटला आणि अर्ध्या टनाचा थिओडोलाइट आपटला. दुसरा कोणी घरी गेला असता. लॅम्ब्टन तंबूत बसला आणि सहा आठवडे स्वतःच्या हातानं दुरुस्ती करत राहिला.

बंगळूरजवळ वेगळाच घोळ झाला. ताऱ्यांवरून काढलेले अक्षांश आणि जमिनीवर मोजलेलं अंतर जुळेना. ही चूक त्यानं झाकली नाही. जमिनीखालचा जड खडक ओळंब्याला किंचित स्वतःकडं ओढत असणार, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे मापातली चूकच खडकाची घनता सांगत होती.

त्याच काळात, 1805 मध्ये, फ्रान्सच्या लजांद्रनं चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करायची पद्धत छापली. आज कॉम्प्युटर हेच करतो. पदार्थाच्या गुणधर्माचा अंदाज धरायचा, त्यावरून माप किती यायला हवं ते काढायचं, खऱ्या मापाशी ताडायचं आणि फरक कमीत कमी होईपर्यंत अंदाज बदलत राहायचं.

कन्याकुमारीकडून निघालेली लॅम्ब्टनची रेघ बिदरच्या पुढं सरकली होती. म्हातारपणी, आजारी असतानाही तो हैदराबादहून नागपूरकडं निघाला. 20 जानेवारी 1823 ला वर्ध्याच्या हिंगणघाटात त्यानं प्राण सोडला. त्याचं थडगं तिथंच आहे.

त्याच्या हाताखालचा जॉर्ज एव्हरेस्ट ती रेघ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत घेऊन गेला. 1865 मध्ये जगातल्या सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्टचं नाव मिळालं. ज्यानं पहिली साखळी टाकली, त्याच्या नावानं मात्र शिखर नाही. कधी हिंगणघाटला गेलात, तर त्या थडग्यापाशी दोन मिनिटं नक्की थांबा.