कोरड्या उन्हाळ्यात तगणाऱ्या झुडपांचा अभ्यासक

कमी पाण्यावर तगणाऱ्या बागांमध्ये युरिऑप्स हे झुडूप आज जगभर लावले जाते. उंची साधारण कंबरेएवढी, पाने कंगव्यासारखी कातरलेली आणि फुले डेझीसारखी, पिवळीधमक. शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल ज्या कुळातले, त्याच कुळातले हे झुडूप. त्याच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत. तिथल्या केप प्रांतातील वनस्पतींची पद्धतशीर शास्त्रीय मांडणी करणारे स्वीडनचे डॉ. कार्ल पीटर थुनबर्ग यांना मात्र जायचे होते जपानला. केप हा केवळ वाटेतला मुक्काम होता.

थुनबर्ग यांचा जन्म ११ नोव्हेंबर १७४३ रोजी स्वीडनमध्ये झाला. उप्साला विद्यापीठात त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणारे लिनियस हे त्यांचे गुरू. त्या काळात जपानमध्ये युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना प्रवेश होता आणि जपानी वनस्पती हव्या असलेल्या हॉलंडमधील धनिक बागप्रेमींना तिथे जाणारा जाणकार माणूस हवा होता. थुनबर्ग तयार झाले. पण जपानमध्ये डच म्हणून वावरायचे, तर आधी भाषा यायला हवी. म्हणून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर शल्यवैद्य म्हणून नोकरी धरून, कंपनीचे ठाणे असलेल्या केपमध्ये आधी राहायचे ठरले.

१७७१ च्या अखेरीस निघालेला हा प्रवास जवळजवळ जिवावर बेतला. जहाजावरच्या स्वयंपाक्याने पीठ समजून रंगासाठी ठेवलेला सफेदा धिरड्यांत मिसळला. सफेदा म्हणजे शिशाचे विषारी संयुग. ते खाणाऱ्यांना विषबाधा झाली आणि त्यांत डॉक्टर स्वतःही होते. त्यातून सावरून एप्रिल १७७२ मध्ये ते केपला उतरले.

भाषा शिकता शिकता त्यांनी तीन वर्षांत अंतर्भागात तीन मोठे दौरे केले. पहिल्या दौऱ्यात कंपनीचे माळी योहान आउगे सोबत होते. जंगलात एका रानरेड्याने हल्ला करून दोन घोडे मारले. थुनबर्ग झाडावर चढून बचावले. पुढच्या दोन्ही दौऱ्यांत लंडनच्या क्यू उद्यानाने पाठवलेले फ्रान्सिस मॅसन बरोबर होते. एकदा खोलीची चौकशी न करताच थुनबर्ग यांनी नदीत घोडा घातला आणि पाणघोड्यांनी केलेल्या खड्ड्यात ते घोड्यासह बुडाले. घोडा पोहत पलीकडे गेला म्हणून वाचले. बैलगाड्या हाकणारे, वाटा दाखवणारे अनेकदा तिथले मूळचे खोयखोय लोक असत. कोणते मूळ खातात, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर लावतात, याचीही थुनबर्ग यांनी नोंद केली. केपमधून त्यांनी तीन हजारांच्या आसपास जातींचे नमुने जमवले. त्यांतल्या सुमारे एक हजार विज्ञानाला नव्या होत्या.

१७७५ मध्ये ते अखेर जपानला पोहोचले. नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्याशा बेटाबाहेर पडायची मुभा सहसा नसे, तेव्हा जनावरांसाठी येणाऱ्या वैरणीतूनही ते वनस्पती निवडून काढत. १७७९ मध्ये ते स्वीडनला परतले, तेव्हा लिनियस हयात नव्हते. १७८४ मध्ये त्यांना गुरूंचेच प्राध्यापकपद मिळाले. आफ्रिकेला ते पुन्हा कधी गेले नाहीत. पण तीन वर्षांत जमवलेल्या त्या नमुन्यांवरचे काम त्यांना आयुष्यभर पुरले. केपच्या वनस्पतींवरील त्यांच्या मोठ्या ग्रंथाची एकत्रित आवृत्ती १८२३ मध्ये निघाली, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. ८ ऑगस्ट १८२८ रोजी त्यांचे निधन झाले.

या ग्रंथात अनेक वनस्पतींसमोर ती कुठे वाढते आणि कोणत्या महिन्यात फुलते, हे दिले आहे. बागेत झुडूप लावणाऱ्यालाही आधी हेच ठाऊक हवे. केपच्या नैर्ऋत्य भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा, वाऱ्याचा असतो. तिथल्या डेझीवर्गीय झुडपांची ठेवण त्याला साजेशी आहे. बारीक कातरलेल्या पानांतून पाणी कमी उडते. काही जातींच्या पानांवर राखाडी लव असते. ती ऊन परतवते आणि वाऱ्याची झळ कमी करते.

महाराष्ट्रात हे चक्र उलटे आहे. आपला पाऊस उन्हाळ्यानंतर, दमट हवेत येतो. त्यामुळे कोरड्या उन्हात तगणारे युरिऑप्स जुलैच्या झडीत मरू शकते. काळ्या मातीत पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून दिवसभर ऊन मिळेल अशी जागा, मुरूम किंवा जाड वाळू मिसळलेला उंच वाफा, अथवा मोठ्या भोकांची कुंडी निवडावी. कुंडी पावसाळ्यात पागोळीच्या आत घ्यावी. लागवड पाऊस ओसरल्यावर करावी. मुळे खोल जाईपर्यंत पहिले काही महिने नियमित पाणी द्यावे. दुष्काळ सोसण्याची ताकद त्यानंतरच येते. पुढे वरची माती वाळल्यावरच पाणी घालावे. बहर ओसरला की शेंडे छाटावेत, म्हणजे झुडूप दाट होते.

थुनबर्ग यांचे नमुने आजही उप्सालात जपलेले आहेत. केपच्या एका युरिऑप्सला त्यांचे नाव आहे, आणि मराठी बागांतल्या एका ओळखीच्या वेलीलाही. मांडवावर चढणारी, निळ्याजांभळ्या फुलांची थुनबर्जिया ती हीच.